प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ

प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ : (एलईडी). अर्धसंवाहक स्फटिकातून योग्य दिशेने विद्युत् प्रवाह जाऊ दिल्यास विद्युत् ऊर्जेचे सरळ प्रकाशात रूपांतर करणारे साधन. द्विप्रस्थ म्हणजेच व्यवहारातील डायोड. घरगुती दिवे, रस्त्यांवरील दिवे, वाहनांचे दिवे, वाहतूक नियंत्रक संकेत, दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी यांचे पडदे इ. ठिकाणी एकविसाव्या शतकात या साधनाने पूर्वीच्या बहुतेक प्रकाशस्रोतांची जागा घेतली आहे.

मशाल, पणती, मेणबत्ती, रॉकेलचा कंदील आणि तापदीप्त (तंतू तापवून प्रकाश देणारा) विजेचा दिवा या सर्वांत प्रकाश उष्णतेद्वारा मिळतो. पदार्थ अतिशय तापविला की, तो प्रकाशू लागतो. परंतु त्याच्या प्रारणाचा (तरंगरूपी ऊर्जेचा) फार मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडील) किरणांच्या रूपात निघून जातो. तापदीप्त दिव्याला दिलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक-विसांश भाग दृश्य प्रकाशात येतो. अनुस्फुरक नळीत म्हणजे रूढ भाषेतील ट्यूब-लाइटमध्ये तंतूऐवजी पाऱ्याच्या बाष्पातील विद्युत् विसर्जनाचा उपयोग करतात. एलईडीमध्ये तप्त तंतू नसतो आणि बाष्पही नसते. घन स्फटिकातील इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा थेट प्रकाशरूपाने देतो. तरीही या साधनापासून खोली उजळण्याजोगा पांढरा प्रकाश मिळण्यास पहिल्या तांबड्या एलईडीनंतर तीन दशकांहून अधिक काळ लागला. हा विलंब का झाला व तो कसा संपला, हे समजण्यासाठी त्याचे मूलतत्त्व प्रथम पाहणे आवश्यक आहे.

तत्त्व : घन स्फटिकात इलेक्ट्रॉनांना कोणतीही ऊर्जा धारण करता येत नाही, त्यांना अनुज्ञात असलेल्या ऊर्जांचे पट्ट असतात. अणूंना एकमेकांशी बांधून ठेवणारे इलेक्ट्रॉन खालच्या संयुजा पट्टात असतात, तर स्फटिकात मोकळेपणाने फिरू शकणारे इलेक्ट्रॉन वरच्या संवहन पट्टात असतात. या दोहोंमध्ये एक ऊर्जा-अंतर असून त्यात इलेक्ट्रॉनाला स्थान नसते. संयुजा पट्टातील एखादा इलेक्ट्रॉन निघून गेल्यास त्याच्या रिकाम्या जागेला छिद्र म्हणतात. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागी सरकतो व त्याची जागा रिकामी होते. त्यामुळे छिद्र हे जणू धन विद्युत् भार असलेला कणच आहे, असे मानता येते.

अर्धसंवाहकात अत्यल्प प्रमाणात विशिष्ट अशुद्धी मिसळून मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढविल्यास तो एन जातीचा होतो व छिद्रांची संख्या वाढविल्यास तो पी जातीचा होतो. एकाच स्फटिकात हे दोन भाग लागून तयार केले म्हणजे त्यांच्या सीमेवर पी-एन संधी बनते. पी बाजूस धन व एन बाजूस ऋण दाब लावल्यास इलेक्ट्रॉन व छिद्रे संधीकडे ढकलली जातात आणि तेथे इलेक्ट्रॉन छिद्रात पडून दोहोंचा पुनःसंयोग होतो. या वेळी इलेक्ट्रॉनाची जी ऊर्जा कमी होते ती फोटॉनाच्या (प्रकाशकणाच्या) रूपाने बाहेर पडू शकते. दाब उलट लावल्यास प्रवाह जवळजवळ वाहत नाही व प्रकाशही मिळत नाही.

फोटॉनाची ऊर्जा साधारणपणे ऊर्जा-अंतराइतकी असते. त्यामुळे प्रकाशाचा रंग प्रवाहावर नव्हे, तर मुख्यतः स्फटिकाच्या द्रव्यावर ठरतो. ऊर्जा-अंतर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजल्यास १,२४० या संख्येला त्याने भागून तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जांश भाग) मिळते. उदा., १·९ इलेक्ट्रॉन व्होल्ट अंतरापासून सु. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश, तर २·७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट अंतरापासून सु. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मिळतो. म्हणजे तांबड्याकडून निळ्याकडे जाताना अधिकाधिक ऊर्जा-अंतर असलेले द्रव्य लागते.

प्रत्येक पुनःसंयोगातून प्रकाश मिळतोच असे नाही. इलेक्ट्रॉन व छिद्र यांचे संवेग जुळत असतील, तर फोटॉन सहज उत्पन्न होतो. अशा द्रव्याचे ऊर्जा-अंतर सरळ आहे असे म्हणतात. संवेग जुळत नसल्यास स्फटिकाच्या कंपनांची मदत घ्यावी लागते व बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपात स्फटिकातच राहते. इलेक्ट्रॉनीय उद्योगाचा आधार असलेले सिलिकॉन या दुसऱ्या प्रकारात मोडते. याच कारणामुळे संगणकातील अब्जावधी सिलिकॉन संधींतून प्रवाह वाहत असला, तरी त्या प्रकाशत नाहीत. गॅलियम आर्सेनाइड व गॅलियम नायट्राइड यांची ऊर्जा-अंतरे मात्र सरळ आहेत. स्फटिकातील दोषस्थानीही इलेक्ट्रॉन प्रकाश न देता छिद्रात पडतो; म्हणून स्फटिकाची निर्दोषता ही या तंत्रविद्येतील पहिली गरज मानली जाते.

इतिहास : १९०७ मध्ये ब्रिटिश रेडिओ अभियंते हेन्री जोसेफ राउंड यांना कार्बोरंडमाच्या (सिलिकॉन कार्बाइडाच्या) स्फटिकाला विद्युत् दाब लावला असता पिवळसर प्रकाश दिसला. त्यांनी त्याची लहानशी नोंद प्रसिद्ध केली. पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९२० नंतरच्या दशकात रशियातील ओलेग लोसेव्ह यांनी हाच आविष्कार स्वतंत्रपणे शोधून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. हा प्रकाश तापलेल्या पदार्थाचा नाही, हे त्यांनी ओळखले होते. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला असता १९४२ मध्ये उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला व त्यांचे कार्य दीर्घकाळ विस्मृतीत गेले.

पी-एन संधीचे ज्ञान झाल्यावर या विषयाला पुन्हा चालना मिळाली. १९६१ च्या सुमारास अमेरिकेत जेम्स बायर्ड व गॅरी पिटमन यांनी गॅलियम आर्सेनाइडापासून अवरक्त किरण देणारा द्विप्रस्थ बनविला. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइड या मिश्र स्फटिकापासून दृश्य तांबडा प्रकाश मिळविला. आर्सेनिकाच्या काही अणूंच्या जागी फॉस्फरसाचे अणू घालून ऊर्जा-अंतर वाढविता येते, हे त्यामागील तत्त्व होते. १९७२ मध्ये जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा एलईडी तयार केला. १९७० नंतरच्या दशकात हातातील गणकयंत्रे व मनगटी घड्याळे यांवर तांबडे आकडे दिसू लागले. हे दिवे मंद होते. ते केवळ पाहण्यासाठी होते, त्यांच्या उजेडात काही पाहता येत नसे.

निळ्या प्रकाशाची समस्या : तांबडा, हिरवा व निळा या तीन रंगांच्या मिश्रणाने पांढरा प्रकाश मिळतो. त्यामुळे कार्यक्षम निळ्या स्रोताशिवाय पांढरा दिवा शक्य नव्हता. सिलिकॉन कार्बाइडाचे निळे एलईडी बाजारात आले. परंतु त्याचे ऊर्जा-अंतर सरळ नसल्याने ते फार मंद होते. सु. ३·४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा-अंतर असलेले गॅलियम नायट्राइड हे त्यासाठी योग्य द्रव्य होते. तथापि त्याच्या बाबतीत दोन मोठ्या अडचणी होत्या.

पहिली अडचण स्फटिकाची होती. गॅलियम नायट्राइडाचे मोठे स्फटिक बनविणे अतिशय कठीण असल्यामुळे त्याचे थर नीलमण्याच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या) चकतीवर वाढवावे लागत. या दोन द्रव्यांतील अणूंच्या मांडणीत सु. १६ टक्क्यांचा फरक आहे. त्यामुळे थराला तडे जात व तो खडबडीत होई. दुसरी अडचण अशी की, एन जातीचे गॅलियम नायट्राइड सहज मिळे. पण पी जातीचे काही केल्या मिळत नसे. त्यामुळे पी-एन संधीच बनविता येत नव्हती. १९७० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत झाक पांकॉव्ह व त्यांचे सहकारी यांनी संधीशिवायच निळा प्रकाश मिळविला. मात्र तो क्षीण होता व ते संशोधन लवकरच थांबले. बहुतेक संशोधक झिंक सिलेनाइडाकडे वळले. त्याचे थर गॅलियम आर्सेनाइडाच्या चकतीवर उत्तम जुळत असत.

जपानमधील नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी व त्यांचे विद्यार्थी हिरोशी आमानो यांनी मात्र गॅलियम नायट्राइड सोडले नाही. नीलमण्यावर प्रथम सु. ५००° से. या तुलनेने कमी तापमानास ॲल्युमिनियम नायट्राइडाचा पातळ थर देऊन त्यावर सु. १,०००° से. तापमानास गॅलियम नायट्राइड वाढविल्यास स्वच्छ व सपाट थर मिळतो, असे त्यांनी १९८६ मध्ये दाखविले. अशुद्धी मिसळलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला असता तो अधिकाधिक प्रकाशू लागतो, असे त्यांना आढळले. या निरीक्षणाचा पाठपुरावा करून मॅग्नेशियम मिसळलेल्या थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून त्यांनी १९८९ मध्ये पी जातीचे गॅलियम नायट्राइड मिळविले.

तोकुशिमा येथील निचिया या रसायन कंपनीत शुजी नाकामुरा याच द्रव्यावर काम करीत होते. थर वाढविताना नायट्रोजनासाठी अमोनिया वायू वापरतात. त्यातील हायड्रोजनाचे अणू मॅग्नेशियमाशी जखडले जातात व त्यामुळे छिद्रे मोकळी होत नाहीत, हे नाकामुरा व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. नायट्रोजनाच्या वातावरणात थर नुसता तापविला तरी हायड्रोजन निघून जातो व थर पी जातीचा होतो. वीस वर्षे अडलेल्या प्रश्नाचे उत्तर असे भट्टीतील एका साध्या क्रियेत मिळाले. त्यानंतर इंडियम मिसळलेल्या गॅलियम नायट्राइडाचा थर मध्ये ठेवून १९९३ मध्ये नाकामुरांनी तेजस्वी निळा एलईडी बनविला. या कार्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष म्हणजे या स्फटिकांत दर चौ. सेंमी.मध्ये कोट्यवधी दोषरेषा असूनही ते प्रखर प्रकाशतात. इतर अर्धसंवाहक द्रव्ये एवढ्या दोषांनी निकामी झाली असती. थरात इंडियमाचे वाटप सर्वत्र सारखे नसल्याने इलेक्ट्रॉन व छिद्रे ठिकठिकाणी अडकून पडतात व दोषापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्यांचा पुनःसंयोग होतो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

पांढरा प्रकाश : तीन रंगांचे एलईडी एकत्र बसवून पांढरा प्रकाश मिळतो, पडद्यांसाठी व रंग बदलणाऱ्या दिव्यांसाठी ही पद्धत वापरतात. घरगुती दिव्यात मात्र सामान्यतः एकाच निळ्या एलईडीवर अनुस्फुरकाचा (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा) लेप असतो. यासाठी सिरियमयुक्त यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट हा पदार्थ प्रथम वापरात आला. निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून तो पिवळा प्रकाश देतो. उरलेला निळा व हा पिवळा यांचे मिश्रण डोळ्याला पांढरे दिसते. असे दिवे १९९६ पासून मिळू लागले. न पेटविलेल्या एलईडी दिव्याचे आवरण काढले असता आत जे पिवळे ठिपके दिसतात, ते या लेपाचेच होत.

या प्रकाशाची छटा वर्ण-तापमानाने व्यक्त करतात. सु. २,७०० केल्व्हिनचा प्रकाश तापदीप्त दिव्यासारखा पिवळसर, तर सु. ६,५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा असतो. येथे तापमानाचा संबंध दिव्याच्या प्रत्यक्ष उष्णतेशी नसून त्याच छटेचा प्रकाश देणाऱ्या तप्त आदर्श पदार्थाशी आहे. केवळ पिवळा अनुस्फुरक वापरल्यास तांबड्या रंगाचा अंश कमी पडतो व त्वचा, फळे, कापड इ. निस्तेज दिसतात, म्हणून चांगल्या दिव्यात तांबडा प्रकाश देणारा अनुस्फुरकही मिसळतात. वस्तूंचे रंग किती स्वाभाविक दिसतात, ते वर्णदर्शन निर्देशांकाने सांगतात. त्याचे कमाल मूल्य १०० असते.

रचना : प्रकाश देणारी चिप्‌ मोहरीच्या दाण्याहूनही लहान असू शकते. तीत निरनिराळ्या घटनांचे अनेक थर असतात. मधला, काही नॅनोमीटर जाडीचा थर सर्वांत कमी ऊर्जा-अंतराचा असतो. त्यात इलेक्ट्रॉन व छिद्रे कोंडली जाऊन त्यांची गाठ पडण्याची शक्यता वाढते.

निर्माण झालेला प्रकाश बाहेर काढणे हेही एक कोडेच होते. गॅलियम नायट्राइडाचा प्रणमनांक (प्रकाशाचे वक्रीभवन दर्शविणारी संख्या) सु. २·४ आहे. त्यामुळे पृष्ठभागावर सु. २५ अंशांपेक्षा तिरपा येणारा किरण बाहेर न पडता पुन्हा आत परावर्तित होतो. गुळगुळीत सपाट पृष्ठभागातून हवेत थेट बाहेर पडणारा प्रकाश अवघा चार टक्क्यांच्या आसपास असतो. यावर उपाय म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात, नीलमण्याच्या चकतीवर सूक्ष्म उंचवटे कोरतात, खाली परावर्तक थर देतात व चिपेवर पारदर्शक सिलिकोनाचे घुमटाकार आवरण चढवितात.

निळ्या एलईडीला सु. ३ व्होल्ट एकदिश दाब पुरतो. घरातील पुरवठा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती (दिशा बदलणारा) असतो. म्हणून दिव्याच्या बुडाशी चालक मंडल बसविलेले असते. ते प्रवाह एकदिश करते व त्याचे मूल्य स्थिर राखते. दाबात थोडी वाढ झाली तरी एलईडीचा प्रवाह अनेक पटींनी वाढतो, म्हणून दाबाऐवजी प्रवाहावर नियंत्रण ठेवणे आवश्यक असते. निकृष्ट मंडलाच्या दिव्यातील प्रकाश सेकंदास १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला हे जाणवले नाही, तरी काहींना त्याने डोकेदुखी होते.

उष्णता व आयुष्य : एलईडी प्रकाश उष्णतेवाचून देतो याचा अर्थ तो तापत नाही, असा नव्हे. चांगल्या पांढऱ्या दिव्यातही विद्युत् ऊर्जेचा सु. निम्मा भाग उष्णतेत जातो. तापदीप्त दिवा आपली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात. त्यामुळे त्याची उष्णता चिपेच्या बुडातून धातूच्या पट्टीत व तेथून हवेत न्यावी लागते. हा मार्ग अपुरा असल्यास चिपेचे तापमान वाढते, प्रकाश घटतो व लेप आणि आवरण लवकर खराब होतात. पूर्ण बंद काचपात्रात बसविलेला दिवा लवकर निकामी होतो, तो यामुळेच.

एलईडी सहसा तंतूप्रमाणे एकाएकी तुटत नाही. तो हळूहळू मंद होत जातो. म्हणून मूळच्या ७० टक्के प्रकाश उरेपर्यंतचा काळ हे त्याचे आयुष्य मानण्याची पद्धत आहे. चांगल्या प्रतीच्या दिव्यात ते १५,००० ते ५०,००० तास भरते. तापदीप्त दिव्याचे आयुष्य सु. १,००० तास असे. व्यवहारात मात्र अनेक दिवे याआधीच बंद पडतात. अशा वेळी दोष पुष्कळदा चिपेचा नसून चालक मंडलातील, उष्णतेने सुकणाऱ्या धारित्राचा असतो.

कार्यक्षमता : दिव्याची प्रकाशीय कार्यक्षमता दर वॅटला मिळणाऱ्या ल्यूमेनमध्ये (डोळ्याला जाणवणाऱ्या प्रकाशाच्या एककात) मोजतात. तापदीप्त दिवा दर वॅटला १० ते १५, अनुस्फुरक नळी ६० ते १०० व सध्याचे एलईडी दिवे सु. १०० ते २०० ल्यूमेन प्रकाश देतात. ६० वॅटच्या जुन्या दिव्याइतका प्रकाश ८ ते ९ वॅटच्या एलईडीपासून मिळतो. असा एक दिवा रोज पाच तास लागत असल्यास वर्षाला नव्वदांहून अधिक युनिट वीज वाचते. दिवा निवडताना वॅट नव्हे, तर ल्यूमेन पाहणे योग्य ठरते. वॅट हा खर्च आहे, ल्यूमेन हे फळ आहे.

भारतात या दिव्यांचा प्रसार करण्यासाठी केंद्र शासनाने ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू केलेल्या ‘उजाला’ योजनेखाली ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. मोठ्या प्रमाणावरील एकत्रित खरेदीमुळे एका दिव्याची खरेदी किंमत २०१४ मधील सु. ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये सु. ३८ रुपयांवर आली. एलईडीत पारा नसतो, हाही एक लाभ आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी अनुस्फुरक दिव्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबविण्याचे २०२३ मध्ये ठरविले.

इतर उपयोग : दूरनियंत्रकात अवरक्त एलईडी असतो. रक्तातील ऑक्सिजन मोजण्यासाठी बोटाला लावावयाच्या उपकरणात तांबडा व अवरक्त असे दोन एलईडी असतात. रक्तरंजक द्रव्य ऑक्सिजनयुक्त आहे की नाही यानुसार हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषले जातात. ॲल्युमिनियम गॅलियम नायट्राइडाचे एलईडी जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील) किरण देतात व ते पाणी आणि पृष्ठभाग जंतुरहित करण्यासाठी वापरतात.

मर्यादा व परिणाम : प्रवाह वाढविल्यास निळ्या एलईडीची कार्यक्षमता कमी होत जाते. हिरवा प्रकाश देणारे एलईडी निळ्या व तांबड्या एलईडींइतके कार्यक्षम नाहीत. त्यांवर संशोधन चालू आहे. याहून महत्त्वाचा प्रश्न या दिव्यांच्या वापराचा आहे. डोळ्यातील पटलात दृष्टीशिवाय दिवस-रात्रीची जाणीव देणाऱ्या काही कोशिका असून त्या सु. ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला अधिक संवेदी असतात. रात्री असा प्रकाश मिळाल्यास झोपेशी संबंधित मेलॅटोनीन या हॉर्मोनाचे स्रवण घटते. निळा प्रकाश हवेत अधिक विखुरला जात असल्याने शहरांवरील आकाश उजळते व तारे दिसेनासे होतात. निशाचर कीटकांच्या हालचालींवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून शयनगृहात व रस्त्यावर पिवळसर छटेचे, प्रकाश खालीच पाडणारे व आवश्यक तेवढेच दिवे वापरणे इष्ट आहे.

प्रकाश स्वस्त झाला की तो अधिक वापरण्याची प्रवृत्ती होते. पूर्वी जेथे अंधार असे तेथेही दिवे येतात व बचतीचा काही भाग त्यातच खर्च होतो. एलईडीमुळे प्रकाश आणि उष्णता यांची फार जुनी सांगड सुटली. तिच्यातून झालेली बचत किती टिकेल, हे मात्र दिव्याच्या तंत्रापेक्षा तो लावणाऱ्याच्या विवेकावर अधिक अवलंबून आहे.